आज पण दहीभात?

माणसाने दुपारी काय खावं यावर त्याचं स्वतःचं फारसं मत नसतं, पण त्याच्या ऑफिसातल्या प्रत्येकाचं असतं. घरच्यांनी बोललेलं आपण ऐकून घेतो, कारण त्यांनी निदान भाजी निवडलेली असते. ऑफिसातल्या माणसाने माझ्या भाताचे तांदूळ धुतलेले नसतात, सिलिंडरचा नंबर लावलेला नसतो, थंडीत दही लागलं नाही तेव्हा माझ्या दुःखात तो सहभागी झालेला नसतो. तरी दुपारचा एक वाजला की तो माझ्या डब्यावर वाकतो आणि म्हणतो, "आज पण दहीभात?"

प्रश्नाचं मला काही वाटत नाही. मी थक्क होतो ते त्यामागच्या आश्चर्याने. मी रोज दहीभात नेतो हे आमच्या मजल्यावर लिफ्टमनपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. सूर्य उगवल्यावर खिडकीशी जाऊन "आज पण पूर्वेलाच?" असं कुणी विचारत नाही. पण माझ्या डब्याचं झाकण उघडलं की कॅशमधल्या काकांच्या भुवया कपाळावर चढतात, त्या काल इथूनच खाली उतरल्या होत्या याची त्यांना आठवण नसते.

या दहीभातामागे काही विचारसरणी नाही. बायकोची सकाळची शाळा. ती डोंबिवलीहून अंधारात बाहेर पडते, आणि पुढच्या तासाभरात अंघोळ, पाणी भरणं, मुलाला उठवणं, तो पुन्हा झोपल्यावर पुन्हा उठवणं, हे सगळं उरकून मला फोर्टला यायची लोकल गाठायची असते. एवढ्या वेळात हमखास जमणारा एकच पदार्थ मला येतो. कुकर लावायचा, भात निवला की दही कालवायचं, वरून हिंग-मिरचीची फोडणी. फोडणीत कढीपत्ता पडला त्या दिवशी मी स्वतःला सुगरण समजतो.

ही हकिगत एकदा मी खरीखुरी काकांना सांगितली.

"म्हणजे डबा तू करतोस?"

"हो."

"मग वहिनी काय करतात?"

"शिकवतात."

"ते ठीक आहे रे. पण सकाळी?"

"सकाळीच शिकवतात."

काका गप्प झाले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची जवळ ओढली आणि हलक्या आवाजात विचारलं, "कसली गोळी वगैरे चालू आहे का त्यांची?"

मी नाही म्हटलं, पण फार लवकर म्हटलं. चारच्या चहाला डिस्पॅचच्या ताईंनी माझ्यासमोर एक डिंकाचा लाडू ठेवला आणि "सगळं होईल नीट" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या नागपूरकरांनी ठाण्यातल्या एका वैद्यांचा पत्ता दिला, गुरुवारी बंद असतात हेही सांगितलं. पुढे ऑफिसच्या वार्षिक स्नेहसंमेलनाला बायको आली, तर सगळे तिच्याशी हळू बोलत होते. काकांनी तिला बसायला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला आणि विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"कशाबद्दल?" बायकोने विचारलं.

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "धीराच्या आहेत हो."

काकांना डबा वाचता येतो, असा त्यांचा लौकिक आहे. ते कुणाचा हात बघत नाहीत, भाजी बघतात. डब्यात पोळीऐवजी पाव असला तर घरात गॅस संपला. शिरा असला तर काल पाहुणे होते आणि फारसे जेवले नाहीत. सलग दोन दिवस एकच उसळ, म्हणजे नवराबायकोचं बोलणं बंद. हातात कागदात गुंडाळलेला वडापाव दिसला की, "काय, वहिनी माहेरी?" बिलिंगमधल्या एका मुलाच्या डब्यात अचानक पुरणपोळी, कटाची आमटी आणि तळणीच्या मिरच्या अशी व्यवस्थित मांडणी दिसली, तेव्हा काकांनी "सासूबाई आल्यात, आणि लवकर जायच्या नाहीत," असं निदान केलं. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. तेव्हापासून त्यांच्या समोर डबा उघडताना माणसं झाकण आडवं धरतात.

या बाबतीत मला मुंबईच्या डबेवाल्यांचा आदर वाटतो. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं असं सांगतात. कोरोनाच्या आधी हे पाचेक हजार लोक रोज दोनेक लाख डबे वाहून नेत होते. त्यांच्या कामाचं कौतुक करायला इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स २००३ साली चर्चगेटला येऊन त्यांना भेटले, पुढे २००५ मध्ये आपल्या लग्नाचं आमंत्रणही दिलं. व्यवस्थापनाच्या वर्गांत त्यांच्या बिनचूकपणाचे दाखले देतात. माझ्या मते खरा पराक्रम वेगळाच आहे. अख्ख्या शहराच्या तोंडल्याची भाजी या माणसांनी डोक्यावरून वाहिली, आणि एकाने कधी एका शब्दाने विचारलं नाही की, आज पण तोंडली? 'द लंचबॉक्स' नावाचा २०१३ सालचा सिनेमा भलत्याच माणसाकडे गेलेल्या डब्यावर उभा आहे. डबा चुकतो, चिठ्ठ्या सुरू होतात, दोन एकटे जीव जवळ येतात. आमच्या मजल्यावर ही गोष्ट सुरूच झाली नसती. काकांनी झाकण उघडल्याबरोबर सांगितलं असतं, "हा आपला नव्हे. यात वांगं सालासकट आहे." चिठ्ठी गेलीच असती तर मीठ कमी असल्याबद्दल गेली असती.

आमच्या जेवणाच्या टेबलावर निम्मा महाराष्ट्र बसतो, त्यामुळे रोज दुपारी सीमावाद असतो. आमटीत गूळ घालावा की नाही यावर आजवर जेवढी ऊर्जा खर्च झाली, तेवढ्यात ऑफिसची तुंबलेली फाइलींची दोन कपाटं मोकळी झाली असती. पुण्याकडच्या जोशीबुवांच्या आमटीचा एक घोट घेऊन आमचे कोल्हापूरकर म्हणतात, "हे जेवणानंतरचं आहे का?" ते स्वतः सोबत कांदा-लसूण मसाल्याची छोटी बाटली बाळगतात आणि कुणाचीही भाजी न विचारता दुरुस्त करून देतात. नागपूरकर सावजी रश्श्याच्या गोष्टी सांगून कोल्हापूरकरांना फिकं पाडतात. त्यांच्या मते कोल्हापूरचं तिखट मुलांना दुधातून द्यायला हरकत नाही. जळगावचे आमचे सहकारी तर वांग्याच्या भरताच्या बाबतीत न्यायाधीश आहेत. मुंबईतलं जांभळं वांगं, गॅसवर भाजलेलं, वर टोमॅटो, असा डबा कुणी उघडला की ते जेवण थांबवतात. हिरवं वांगं, कपाशीच्या काड्यांचा जाळ, कुटलेल्या हिरव्या मिरच्या आणि लाकडी बडगी, यांतलं काहीच नसताना त्याला भरीत का म्हणायचं, एवढंच त्यांचं म्हणणं असतं. ते म्हणण्यात पंधरा मिनिटं जातात. भरीत आणणारी मुलगी आता वांगं आणलं की स्वच्छतागृहाकडच्या बाकावर बसून जेवते.

यात माझा दहीभात सगळ्यांनाच सोपा सापडतो.

"भाताने पोट सुटतं," नागपूरकर सांगतात.

"कोकणात सगळे भातच खातात, तिथे कुणाचं सुटलंय?" मी विचारतो.

यावर सगळे आमच्या देवगडच्या हेडक्लार्कांकडे बघतात. ते शर्ट जरा पुढे ओढून घेतात आणि दिवसभर माझ्याशी बोलत नाहीत.

"दह्यात मीठ घालतोस?" हे बिलिंगमधल्या बाई विचारतात. "दह्यात मीठ कधी घालू नये. विरुद्ध अन्न."

"साखर घालू?"

"साखर तर विषच."

"मग काय घालू?"

"दहीच खाऊ नये."

या बाईंबद्दल थोडं सांगायला हवं. त्या कायम डाएटवर असतात. त्यांच्या डब्यात चार काकडीच्या चकत्या आणि एक गाजर असतं, आणि ते संध्याकाळी जसंच्या तसं घरी जातं, कारण दुपारभर त्या सगळ्यांची फक्त चव बघतात. हातात एक चमचा, "मी नाही हो खात, बघू कसं झालंय," म्हणत त्यांची फेरी टेबलाच्या एका टोकाकडून निघते. कोल्हापूरकरांचा पांढरा रस्सा, भरल्या वांग्यातलं एक, कुणाच्या पुलावातले काजू, डिस्पॅचच्या ताईंची तांदळाची भाकरी. माझ्याकडे पोचेस्तोवर त्यांचं व्यवस्थित जेवण झालेलं असतं, म्हणून शेवटी दहीभाताचे दोन चमचे घेतात. त्यानंतर मला सांगतात की माझा आहार असंतुलित आहे.

आहाराच्या बाबतीत आमच्याकडे दोन पंथही आहेत. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटपायचं, मध्ये काही खायचं नाही. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकरांचा, हे नागपूरकर दर वेळी अभिमानाने सांगतात. दुसरा पंथ ऋजुता दिवेकरांच्या २००९ सालच्या गाजलेल्या पुस्तकापासूनचा. दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं आणि तुपाला घाबरायचं नाही. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ आपापल्या जागी बरोबरच असतील. माझं भांडण अनुयायांशी आहे. आमची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. पण नागपूरकरांना पंचावन्न मिनिटं मिळालीत म्हटल्यावर त्यांतलं एक मिनिटही त्यांनी वाया घालवलेलं नाही. मोबाइलवर घड्याळ लावून ते सुरू करतात, चोपन्नाव्या मिनिटाला खिशातून जिलेबी काढतात आणि वेळेच्या आत संपवल्याचं समाधान घेऊन उठतात. गोड कमी करा असंही सांगितलेलं आहे, ते त्यांच्या ऐकण्यातून सुटलं. त्यांच्या समोरच्या टेबलावर दर दोन तासांनी मोबाइलचा गजर होतो आणि एक बाई पेन खाली ठेवून तुपात भिजवलेला खजूर खाते. ऑडिटरांच्या समोर एकदा तो गजर झाला. साहेब म्हणाले, "फोन घ्या, महत्त्वाचा असेल." त्यांनी खजूर घेतला.

दोन्ही पंथांनी मला आपल्यात ओढायचा प्रयत्न केला. मी दोघांनाही हो म्हटलं. परिणामी दुपारी मी जेवताना एक जण घड्याळ लावतो आणि दुसरा अजून दोन तासांनी परत खायची आठवण देतो.

शेवटी कंटाळून एका सोमवारी मी सॅलड नेलं. काकडी, टोमॅटो, मोड आलेले मूग, वर लिंबू. झाकण उघडलं. नेहमीचा प्रश्न आला नाही. टेबलावर एकदम शांतता पसरली. मग काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"रिपोर्ट आले का?"

"कसले?"

"लपवू नकोस. आमच्या मेहुण्याचंही काकडीपासूनच सुरू झालं होतं."

"काय सुरू झालं होतं?"

"जाऊ दे. तू जेव."

त्या दिवशी माझ्या हातून जड फाइल काढून घेण्यात आली. लिफ्टमध्ये मला आधी चढू दिलं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून मेडिक्लेमचा फॉर्म कुठे मिळतो ते समजावून सांगितलं. मंगळवारी मी दहीभातावर परत आलो, तेव्हा सगळ्यांचे चेहरे उजळले. "आज पण दहीभात?" असं काकांनी विचारलं, त्यात बरा झालेला रुग्ण पाहिल्याचा आनंद होता.

भाकरीने मात्र मला एकदा अनपेक्षित मान मिळवून दिला. पूर्वी कधी रात्रीची उरलेली ज्वारीची भाकरी आणली, तर "गहू महाग झाला का?" असं विचारायचे. मग संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष जाहीर केलं, आणि काचेच्या दुकानांतून नाचणीची बिस्किटं भलत्या भावाने मिळू लागली. त्या वर्षी तीच शिळी भाकरी, कडेने करपलेली, मी बाहेर काढली तेव्हा एचआरमधल्या मुलीने फोटो काढला. तिने विचारलं, "सर, ही कुठून ऑर्डर केली?" मी सांगितलं, सासूबाई करतात. तिने विचारलं, "त्या डिलिव्हरी देतात का?"

एकादशीला माझी सगळ्यात जास्त अडचण होते. एकादशीला भात चालत नाही, आणि माझ्या डब्यात भातच असतो. सकाळच्या घाईत मला तिथी कळत नाही. डबा उघडला की कळते. टेबलावर चहूबाजूंनी साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू आणि केळी असा मेवा मांडलेला असतो, आणि एवढं समोर घेऊन बसलेले लोक माझ्या वाटीभर दहीभाताकडे बघून म्हणतात, "एक दिवस तरी तोंड आवरावं माणसाने."

एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची, ही चारही मंडळी मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्याला लागायच्या आधीच्या एकाही वारकऱ्याने तुमच्या या खिचडीतलं जिरं, तूप आणि मीठ सोडून काही पाहिलेलं नव्हतं. साबुदाणा तर अजूनही तमिळनाडूत सेलमकडच्या कारखान्यांत होतो."

सगळे विचारात पडले. मला वाटलं, मुद्दा पोचला.

काका म्हणाले, "म्हणजे अमेरिकेतही उपवास एवढा कडक करतात?"

त्यानंतर चर्चा माझ्या हातातून गेली ती गेलीच. जिऱ्यावर आली. जिरं आमच्यात चालतं, एक म्हणाले. आमच्यात नाही चालत, दुसरे म्हणाले. कोथिंबीर आमच्यात चालते, पण निवडलेलीच. हळद नाही. आलं चालतं, सुंठ विचारून सांगतो. कोल्हापूरकरांनी घरी फोन लावून टोमॅटोबद्दल विचारलं. 'आमच्यात' म्हणजे नेमकं कुणात, हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. पण ते जे कुणी आहेत, त्यांनी प्रत्येकाला आवडणारी वस्तू बरोबर चालवून घेतली आहे.

वाढदिवसांचंही तसंच. माझी साखर काठावर आहे, हे मी डॉक्टरांखेरीज कुणालाही सांगितलेलं नाही, म्हणजे ते सगळ्यांना माहीत आहे. तरी केकचा तुकडा नको म्हटलं की, "एवढ्याने काय होतंय?" तेच दुसऱ्या दिवशी मी बिनसाखरेचा चहा मागितला की, "एवढ्याने काय होणार आहे?" गणपतीत मोदक नाकारायची तर सोयच नाही. प्रसादाने साखर वाढत नाही, असं वैद्यकशास्त्र काकांनी मला ऐकवलं आणि हातावर दोन मोदक ठेवले. काका स्वतः खाण्याच्या बाबतीत फार कडक. केक कापायच्या आधी ते खोका उलटा करून बिनअंड्याचा आहे ना ते बघतात, आणि शंका आली तर मेणबत्तीसुद्धा फुंकत नाहीत.

कोरोनात ऑफिस घरी आलं तेव्हा मला वाटलं, सुटलो. एका दुपारी मीटिंग चालू असताना आवाज बंद करून मी निवांत जेवत होतो. आवाज बंद होता, कॅमेरा नव्हता. कंपनीचे मुंबई, पुणे, नाशिक असे सगळे कार्यालयप्रमुख पडद्यावर असताना काकांचा चौकोन उजळला आणि आवाज आला, "आज पण दहीभात का रे?" नाशिकच्या साहेबांना मी तेवढ्यावरूनच लक्षात राहिलो. पुढे बढतीच्या मुलाखतीला मी कामाची जंत्री घेऊन गेलो, तर त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही ते दहीभातवाले ना?" बढती मिळाली नाही, पण ओळख निघाल्यामुळे चहा मिळाला.

आता बोंबलाचं प्रकरण. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. ताजी मासळी मिळेनाशी होते, मिळाली तर परवडत नाही, आणि ज्यांना मासळीशिवाय घास उतरत नाही ती माणसं उन्हाळ्यात वाळवून ठेवलेलं सुकं बाहेर काढतात. नेमक्या याच दोन महिन्यांत मुंबईच्या ऑफिसांच्या खिडक्या पावसामुळे घट्ट बंद असतात. निसर्ग आणि सरकार यांचं एकमत झालेलं मी एवढ्याच बाबतीत पाहिलंय.

डिस्पॅचच्या ताई वर्सोव्याच्या. त्या दिवशी त्यांनी सुके बोंबील आणले होते, कांद्यात परतलेले, कोकम घातलेले. डबा मायक्रोवेव्हपाशी नेला आणि त्यांना कुरिअरवाल्याचा फोन आला. "भाऊ, जरा दोन मिनिटं लावता का?" म्हणत त्या जिन्याकडे गेल्या. मी लावला.

मायक्रोवेव्हचा शोध असाच नकळत लागला होता. १९४५ च्या सुमारास अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाचा तंत्रज्ञ रडारला लागणाऱ्या एका यंत्रापाशी उभा होता आणि त्याच्या खिशातलं चॉकलेट वितळलं. चॉकलेट होतं म्हणून जगाचं कल्याण झालं. खिशात सुका बोंबील असता तर त्याच्या साहेबांनी ते यंत्र त्याच दिवशी समुद्रात टाकलं असतं.

दोन मिनिटं व्हायच्या आत मजल्यावरची माणसं दोन गटांत विभागली गेली. निम्मी नाकाला रुमाल लावून जिन्याकडे निघाली आणि निम्मी खुर्च्या सोडून मायक्रोवेव्हच्या दिशेने आली. वातानुकूलनाची वाहिनी सगळ्या इमारतीला एकच असल्यामुळे वरच्या मजल्याचा शिपाई चौकशीला आला; नंतर कळलं, चौकशी तक्रारीची नव्हती, पत्त्याची होती. काका रुमालाआडून म्हणाले, "शिव शिव! हे माणसांचं ऑफिस आहे!" तेवढ्यात साहेब केबिनबाहेर आले. त्यांना दिसलो मी. हातात फडकं, फडक्यात डबा, डब्यातून वाफ.

"तुम्ही?" साहेब म्हणाले. "दहीभातावरून एकदम इथे?"

संध्याकाळी परिपत्रक निघालं. उग्र वासाचे खाद्यपदार्थ कार्यालयात आणू अथवा गरम करू नयेत. मागणी काकांची होती, मसुदा एचआरच्या मुलीचा. दुसऱ्या दिवशी ताई ते परिपत्रक हातात घेऊन साहेबांच्या केबिनच्या दारात उभ्या राहिल्या आणि शांतपणे विचारलं, "उग्र म्हणजे काय काय, तेवढं लिहून द्या."

बैठक भरली. एचआरच्या मुलीने फळ्यावर यादी करायला घेतली. सुकी मासळी पहिली गेली, त्यावर बहुमत होतं. मग ताई म्हणाल्या, "लसणाची चटणी?" जळगावकर जागेवरून उठले, पण चटणी फळ्यावर गेली. त्यांनी लगेच शेपू सुचवला. शेपू आणणाऱ्या बाईंनी उकडलेली अंडी सुचवली. अंडीवाल्या मुलाने फणस काढला. देवगडच्या हेडक्लार्कांनी फणसाचा अपमान सहन न होऊन हिंगाचं नाव घेतलं. कोल्हापूरकरांची बाटली गेली, नागपूरकरांचा झुणका गेला. माणसं आता स्वतःला वाचवायचं सोडून दुसऱ्याला बुडवण्यात रमली होती. मग मागून कुणीतरी, आवाज बदलून, म्हणालं, "मुळ्याचे पराठे?"

मुळ्याचे पराठे साहेब आणतात. मुलीचा हात फळ्यावर थांबला. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "लिहा," ते म्हणाले. माणूस मोठा आहे.

शेवटी फळ्यावर नसलेले दोनच पदार्थ उरले, वरणभात आणि दहीभात. सगळे माझ्याकडे वळले.

"हा सुटला बघा," ताई म्हणाल्या.

"सुटला कसा?" काका म्हणाले. "त्याच्या फोडणीत हिंग असतो."

आठवडाभर अख्खं ऑफिस वरणभातावर जगलं. माणसं निस्तेज दिसू लागली. डब्यांवर बोलण्यासारखं काही उरलं नाही, त्यामुळे दुपारी लोक एकमेकांशी कामाबद्दल बोलू लागले आणि त्यातून दोन जुनी भांडणं उकरली गेली. परिपत्रक कुणी मागे घेतलं नाही. सोमवारी ताईंनी परत बोंबील आणले, मंगळवारी साहेबांच्या केबिनमधून मुळ्याचा वास आला, आणि बुधवारी फळा पुसलेला होता. त्याच बुधवारी कुणीतरी स्टीलच्या डब्यातलंच वरण तसंच मायक्रोवेव्हमध्ये लावलं. आत निळ्या ठिणग्या उडाल्या, मजल्याचे दिवे एकदा मिचकावले आणि यंत्राने मान टाकली.

दुरुस्तीवाला दीडच्या सुमाराला आला. आम्ही सगळे थंड डबे घेऊन त्याच्याभोवती उभे. त्याने यंत्र आडवं केलं, मागचं झाकण काढलं, आत डोकं घातलं आणि तसाच थांबला. एकदा श्वास घेतला. मग आणखी एकदा, डोळे मिटून.

"बोंबील?" त्याने विचारलं.

कुणी काही बोललं नाही. साहेब घड्याळ बघू लागले.

"सुके," तो म्हणाला. "कोकमातले."

ताईंचा चेहरा फुलला. "जेवलात का, दादा?"

"नको ताई, पुढचा कॉल आहे," म्हणत त्याने स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला, हात धुतले आणि खुर्ची ओढली. ताईंनी स्वतःचा डबा त्याच्यापुढे सरकवला, भाकरी मोडून दिली. अख्खा मजला उभ्याने त्याचं जेवण बघत होता. त्याने सावकाश, एकेक काटा बाजूला काढत, डबा साफ केला. पाणी प्यायला. मग ताईंकडे बघून जरा चाचरत म्हणाला, "ताई, राग मानू नका हं, पण..."

आम्ही सगळे वाकलो.

"मीठ जरा कमी आहे."

"बघा!" मागून काकांचा आवाज आला. "मी गेल्या सोमवारीच सांगितलं होतं त्यांना."